दिवेलागणीचा फोन

(नगरला, समुपदेशक प्रज्ञाच्या खोलीत, उन्हं कलताना. समोर केशरबाई आणि त्यांची सून रेश्मा.)

रेश्मा : नाही मॅडम, त्याच्या आधी आत्यांना कधी काही नव्हतं. एकवीस सालच्या एप्रिलात झालं ते सगळं. मामंजी इथं नगरला दवाखान्यात, आम्ही घोडेगावात. आत कुणालाच सोडत नव्हते ना.

केशरबाई : रोज दिवेलागणीला फोन यायचा. मालकांचा न्हाई, शिस्टरबाईचा. आज ऑक्सिजन नव्वद, आज शहाऐंशी. मंग एके दिशी आकडा सांगितलाच न्हाई तिनं.

प्रज्ञा : आणि तेव्हापासून संध्याकाळ झाली की छाती आवळते.

केशरबाई : उन्हं कलली का कुनीतरी येऊन छातीवर बसतंय, बाई. मंग घरात थांबवत न्हाई. रस्त्याला जाऊन उभी ऱ्हाते येड्यावानी.

रेश्मा : परवा तर हायवेवर गेल्या. एका टेम्पोवाल्यानं आणून सोडलं. म्हणून संदीप म्हणतात, आईला राहात्याला वन्संकडं ठेवू.

केशरबाई : लेकीच्या दारात जाऊन बसू? माझं घर हाय, मला माझ्या घरात ऱ्हायचंय. एवढं करून दे बाई, दुसरं काय मागनं न्हाई.

प्रज्ञा : बघू या, आजी. मागच्या वेळी मी सांगितलं होतं, संध्याकाळी स्वस्थ बसून श्वासाकडे लक्ष द्या. बसलात का?

रेश्मा : बसवलं ना मी! एक दिवस चुकू दिला नाही. दिवा लावला की लगेच बोटाला मशीन.

प्रज्ञा : कसलं मशीन?

रेश्मा : ऑक्सिजनचं, करोनात आणलेलं. तुम्हीच म्हणालात लक्ष द्या. पंच्याण्णवच्या खाली गेलं की मी ओरडायचे, आत्या, श्वास घ्या, मोठा घ्या!

केशरबाई : आन् मी मराया टेकायचे.

प्रज्ञा : अगं बाई! नाही, रेश्माताई, चूक माझी आहे. ज्या घरातला माणूस श्वास पुरला नाही म्हणून गेला, त्या घराला मी श्वासच बघायला सांगितला. आधी विचारायला हवं होतं. कुठंय ते मशीन?

रेश्मा : हे काय, बोटालाच आहे त्यांच्या.

प्रज्ञा : काढा, आजी. द्या इकडे. आज श्वासाचं नावसुद्धा काढायचं नाही. तो त्याचा येईल, जाईल. मला सांगा, अंगात कुठं जरा बरं वाटतंय?

केशरबाई : कुटंच न्हाई. थांब... बोटात. चिमटा निघाल्याव बोट हलकं झालं बघ.

प्रज्ञा : मग डोळे मिटा आणि त्या बोटापाशीच राहा. काय कळतंय?

केशरबाई : ऊब हाय. मुंग्या आल्यात जराशा. इश्श, हसू याया लागलं.

रेश्मा : आत्या, नीट करा ना!

प्रज्ञा : हसू द्या त्यांना. कशाचं हसू आलं?

केशरबाई : आमचे मालक म्हशींचे व्यापारी. बाजारात सौदा कसा करत्यात ठावं हाय का तुला? रुमालाखाली हात घालून. बोटं धरायची, दाबायची, भाव ठरला. चारचौघांना कळाया नगं.

प्रज्ञा : तुम्ही बघितलंत?

केशरबाई : बायामानसं कुटली जायाला तवा! मी घरातच शिकले. नवी नवरी हुते, सासूपुढं नवऱ्याशी बोलायची चोरी. ते हात धुवून आले का मी पंचा पुढं करायची. पंच्याखालून ते बोट दाबायचे. एक दाबलं म्हंजी यायला उशीर हाय, जेवून घे.

प्रज्ञा : आणि दोन दाबली तर?

केशरबाई : ते तुला कशाला सांगू?

रेश्मा : आत्या! मला हे कधी सांगितलं नाही तुम्ही.

केशरबाई : तू मशीन लावनार का गोष्टी ऐकनार?

प्रज्ञा : माझा हात घ्या, आजी. वरून ही ओढणी टाकते. आता ऐकू येईल ते येऊ द्या.

केशरबाई : घुंगरं वाजत्यात. म्हशीच्या गळ्यातली, लांबनं. ओल्या कडब्याचा वास यायलाय. ते चालल्यात म्होरं, पांढरं धोतर तेवढं दिसतंय... आलं गं. बसलं छातीवर.

प्रज्ञा : बसू दे. हाकलू नका. तुमची बोटं कुठं आहेत?

केशरबाई : तुझ्या हातात.

प्रज्ञा : आणि छातीवरचं ते?

केशरबाई : हाय की. पन दाबत न्हाई आता. नुसतं बसलंय, पाव्हण्यावानी.

प्रज्ञा : मग बसू आपणही. सावकाश डोळे उघडा. खिडकीबाहेर बघा.

केशरबाई : आगं, दिवे लागले की!

रेश्मा : लागून बराच वेळ झाला, आत्या. मी बोललेच नाही.

(तीन वर्षांनंतर, प्रज्ञाच्या दारात.)

प्रज्ञा : आजी! एकट्या आलात?

केशरबाई : डोळे तपासाया आले हुते नगरला. म्हनलं, पोरीला बघून जावं.

प्रज्ञा : रेश्माताई कशा आहेत?

केशरबाई : गोठा तिच्याच हाती हाय आता. व्यापाऱ्याला भाव तोंडावर सांगती, मोठ्यानं. तिला रुमाल लागत न्हाई.

प्रज्ञा : आणि संदीप?

केशरबाई : त्यो कामावरनं फोन लावायचा दिवेलागणीला, आई बरी हाय का म्हनून. म्हनलं, दुपारी लाव बाबा. आता दुपारी लावतो. राहात्याची लेक वरीसभर रुसली, मी ऱ्हायाला गेले न्हाई म्हनून. आता तीच येती माझ्याकडं. तुझं काय?

प्रज्ञा : माझी आई गेली, आजी. मागच्या पावसाळ्यात.

केशरबाई : आगं माझे बाय. ये, बस हितं.

प्रज्ञा : बसते. तुमच्या छातीवर अजून येऊन बसतं का ते?

केशरबाई : येतं की अधनंमधनं. ओळखीचं झालंय.

प्रज्ञा : मग संध्याकाळी काय करता?

केशरबाई : काय न्हाई. अंगनात बसते. संध्याकाळ हुऊ देते.