शेणाने सारवलेले बसऱ्याचे सूप

जबाब. पोलीस चौकी, घमापूर, जबलपूर. तारीख २३ मार्च १९४४, सकाळी दहा.

माझे नाव राधाबाई विष्णू खांदवे. वय साठीच्या वर, नेमके कोणी लिहून ठेवले नाही. काम घरचेच. वाचता अडखळत येते, सही येत नाही. राहणार तोफगाडी कारखान्यामागची चाळ. हवालदार मुरलीधर यांच्यासमोर मी स्वतः सांगते ते असे.

माझा मुलगा अंबादास कारखान्यात फिटर होता. मागल्या वर्षी त्याला फौजेच्या वर्कशॉपसाठी बसऱ्याला नेले. तिथून त्याने खजुराच्या पातीचे सूप पार्सलने पाठवले. आमच्यात बारशाला मूल आधी नव्या सुपात निजवतात, मग पाळण्यात. सून विनता तेव्हा गरोदर होती.

४ मार्चला परदेशी माल तपासणाऱ्या कचेरीचा कागद आला. मी गेले. टेबलामागे तिवारी बाबू. म्हणाला, "माई, पेड़-पौधे का माल है, फारम भरना पड़ेगा." झाडाचे नाव, झाडाचा कोणता भाग, कुठे उगवले, वजन किती, असे रकाने. मी सांगितले, खजूर. त्याने विचारले, "कौन-सा खजूर?" मी म्हटले, "ज्यावर तू कधी चढला नाहीस तो." हे त्याने लिहून घेतले नाही. दुसऱ्या खेपेला 'पात' त्याच्या यादीत सापडेना. खोड होते, साल होती, बी होते. तिसऱ्या खेपेला यादी उलटली तर पात मागल्या बाजूला. एवढ्या कामाला सरकार पगार देऊन राहिले.

११ तारखेला विनताला मुलगी झाली. १३ ला सूप मिळाले. अट अशी, की पंधरा दिवसांत फॉर्मावर पाठवणाऱ्याची सही आणायची, तोवर सूप जसेच्या तसे ठेवायचे. नाहीतर जाळणार. मी अंगठा दिला.

सही येणार नाही हे मला ठाऊक होते. अंबादास १६ फेब्रुवारीला तिकडेच वारला. तार १९ ला आली. तिवारीला मी सांगितले नाही. त्या फॉर्मात पातीची जात विचारायला रकाना आहे. पाठवणारा आहे की नाही, हे विचारायला नाही.

काल बारसे होते. दुपारी तिवारी सूप तपासायला आला. बघून ओरडला, "ये क्या कर डाला माई? सबूत ही लीप दिया!" नवे सूप शेण-मेथीने सारवल्याशिवाय घरात वापरत नाहीत. एवढे त्याने आपल्या आईला विचारायचे होते. मग म्हणाला, शेणही झाडपाल्याचेच, तेही फॉर्मात लिहावे लागेल, कुठले आहे? मी म्हटले, चौकीच्या हवालदाराच्या आईच्या गाईचे. हवालदारांना हे मान्य आहे.

त्याने सूप जप्त केल्याचे सांगितले. मुलगी त्यात झोपली होती. मी म्हटले, "आधी मालकिणीला उठव." त्याने सुपाच्या काठाला हात घातला. मी त्याला ढकलले. अंगण सारवून माझे हात तसेच होते. त्याच्या कोटावरचा पंजा माझाच. कोट त्याने पुराव्याला आणला आहे, बोटे मोजून घ्यावीत.

सूप मी देणार नाही. शिक्षा काय ती सांगा.

वरचे सर्व हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवले. मध्ये त्यांनी 'रागाच्या भरात' असे लिहिले होते. मी म्हटले, "काहून खोटं लिहून राहिला, मुरलीधर?" ते म्हणाले, "काकू, त्यानं सुटाल." मी ते खोडायला लावले. बाकी मी बोलले तसेच आहे. फॉर्म सोबत जोडला आहे. पाठवणाऱ्याच्या सहीची जागा कोरी आहे. तिथे माझा अंगठा घेऊ नये.

राधाबाई खांदवे, डाव्या हाताचा अंगठा.