काकांच्या पोटातला जंतू

मोठ्यांचं ऐकावं म्हणता ना? मग आमच्या काकांचं ऐका. लातूरला टँकर चालू होते त्या वर्षी ते नव्या जिल्ह्यासाठी उपोषणाला बसणार होते. आधीच एकदा रक्ताची उलटी झालेली. काकू म्हणाली, "आधी तपासणी, मग उपोषण."

डॉक्टरनं ॲसिडिटीची गोळी दोन आठवडे बंद ठेवायला सांगितली. मग तोंडातून पोटात दुर्बीण घातली. रिपोर्ट आला, अल्सर करणारा जंतू न्हाई. काका लगेच उपोषणाची तारीख ठरवायला लागले.

मी विचारलं, "गोळी बंद केली होती का?"

"हाव."

काकू म्हणाली, "कशाची बंद? रोज सकाळी गोळीला पाणी मीच देऊन राहिले की."

काका माझ्यावरच खेकसले, "कॉलेज सोडलेला तू, मला शिकवून राहिला?"

"एवढं शिकूनच सोडलं. तो जंतू आम्लातून वाचायला एन्झाइम बनवतो. टेस्ट तेच पकडते. तुम्ही गोळीनं आम्ल कमी केलं, म्हणून तो आत गप बसलाय."

गोळी खरंच बंद केली अन् पुन्हा दुर्बीण घातली. पोटाच्या अस्तराचा कण टाकल्यावर टेस्टचं पिवळं औषध गुलाबी झालं. जंतू सापडला, उपोषण रद्द.

काका हळूच म्हणाले, "आता लोकांना काय सांगू?"

काकू म्हणाली, "सांगा, उपोषणाला बसलोय की. यंदा जेवण सोडलं न्हाई, खोटं बोलणं सोडलंय."