कलम नऊमधली आई

(शनिवारची दुपार, ताईचं स्वयंपाकघर. ताई कायदा विभागातून निवृत्त झालेली, धाकटा भाऊ न्यायाधीश. मध्ये परातीत मटार, दोघं सोलताहेत.)

ताई : म्हणून अकरा महिने या घराची पायरी चढला नाहीस?

धाकटा : कलम नऊ तू लिहिलेलं, आणि नेमकं तेच माझ्यापुढे आलेलं. मसुदा करणाऱ्यांत माझी बहीण होती, हे दोन्ही वकिलांना पहिल्याच दिवशी सांगितलं. कुणी हरकत घेतली नाही. पण मी तुला ओळखतो. जेवण वाढता वाढता एखादं वाक्य बोलून गेली असतीस आणि ते माझ्या डोक्यातून निघालं नसतं.

ताई : मी तोंडाला कुलूप लावलं असतं.

धाकटा : तू?

ताई : बरं, नसतं लावलं. काल निकालाला आले होते मी.

धाकटा : पाहिलं. शेवटच्या बाकावर. मग मी कागदातून मान वर केली नाही.

ताई : खटल्यातला तो भट्टीवाला माझ्या शेजारीच होता. तू वाचत होतास आणि तो माझ्या तोंडाकडे बघत होता. शेवटी हळूच विचारतो, बाई, जिंकलो का हरलो?

धाकटा : सोप्या भाषेत लिहिलंय मी.

ताई : एकोणचाळीस पानं सोपी भाषा. जिंकलास म्हटलं त्याला. मग बाहेर व्हरांड्यात बसवलं, पाणी दिलं, तेव्हा कुठे बोलता झाला. बाटल्यांच्या कारखान्यात चौदा वर्षं भट्टीवर. बायको बाळंतपणानंतर तापानं गेली तेव्हा मुलगी अडीच महिन्यांची. दोन्हीकडे करणारं कुणी नाही. कारखान्याच्या पाळणाघरातल्या बाईंनीच आपणहून सांगितलं, घेऊन येत जा. दोन महिने सुरळीत चाललं. जेवणाच्या सुट्टीत हा हातपाय धुऊन यायचा, पोरीला दूध पाजायचा आणि स्वतः उभ्यानं चार घास खाऊन परत भट्टीवर. पॅकिंगमधल्या बायका चिडवायच्या, आली बघा बाळाची आई.

धाकटा : हे कागदांत नव्हतं.

ताई : कसं असेल? मग नवा मॅनेजर आला. त्यानं भिंतीवर लावलेलं कलम नऊ वाचलं. 'कामगार आईच्या तान्ह्या मुलासाठी.' झालं, दार बंद.

धाकटा : पुढचं ठाऊक आहे. त्यानं तिला बाटल्यांच्या रिकाम्या खोक्यात, पेंढ्यावर झोपवलं आणि खोकं गोदामात ठेवलं. चौथ्या दिवशी सापडलं. मुलीचा जीव धोक्यात घातला, असं कारण देऊन त्याला काढून टाकलं.

ताई : पाळणाघरात जागा होती का, हे कुणी विचारलं?

धाकटा : मी विचारलं. आठ पाळणे, तीन मुलं.

ताई : कारखान्याचा वकील चांगला बोलला म्हणे.

धाकटा : उत्तम बोलला. म्हणाला, 'आई' या शब्दाला कोश लागत नाही. शब्द स्पष्ट असला की कोर्टानं हेतू शोधत फिरू नये. सभागृहाला बाप हवा असता तर सभागृहानं लिहिला असता. अजूनही लिहील, पण ते काम कोर्टाचं नव्हे. आठवडाभर मला याचं उत्तर सापडलं नाही.

ताई : मग?

धाकटा : मग अख्खा कायदा पहिल्या ओळीपासून वाचला. सुरुवातीलाच म्हटलंय, कामाच्या वेळेत तान्ह्या मुलांची आबाळ होऊ नये म्हणून हा कायदा. पुढे कलम बारामध्ये दत्तक घेणारीही आई धरली आहे. म्हणजे अट जन्म देण्याची नाही, सांभाळण्याची आहे. आणि कारखान्याचा अर्थ धरला तर आई गेली की त्याच दिवशी मूल खोलीबाहेर. ज्याची आबाळ सगळ्यात जास्त, त्यालाच दार बंद. शहाणी माणसं असा कायदा करतील हे मला पटेना.

ताई : शहाणी माणसं! आम्ही सातजण होतो.

धाकटा : आता निकाल लागलाय म्हणून विचारतो. लिहिताना तुझ्या मनात काय होतं?

ताई : आमच्या मनातलं तुमच्या कोर्टात चालत नाही ना?

धाकटा : नाही चालत. कायदा छापून आला की तो लिहिणाऱ्याचा राहत नाही. पण मी तुझा भाऊ म्हणून विचारतोय.

ताई : माझ्या पहिल्या मसुद्यात 'आई' नव्हतंच. 'पालक' होतं.

धाकटा : काय सांगतेस?

ताई : समितीनं खोडलं. इतिवृत्तात एक ओळ आहे, 'पालक' ऐवजी 'आई' असे वाचावे. बाकी काही नाही.

धाकटा : म्हणजे 'पालक' त्यांच्यापुढे होतं आणि त्यांनी ते नाकारलं. ताई, ती ओळ वकिलाला सापडली असती तर मी कदाचित उलटा निकाल दिला असता. विचार करून वगळलेला शब्द मी परत आत कसा घेणार?

ताई : विचार कुठला? अध्यक्ष म्हणाले, पालक कशाला, कुठला बाप्या पोर काखेत मारून कामावर येणार आहे? सगळे हसले. कुणीतरी झबल्या-लंगोटावरून अजून एक विनोद केला आणि आम्ही पुढच्या कलमाकडे वळलो. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बापाला मिळू नये म्हणून कुणी खोडलं नाही रे. असा बाप असेल, हेच कुणाच्या डोक्यात आलं नाही.

धाकटा : हसणं इतिवृत्तात येत नाही.

ताई : नाही येत.

धाकटा : उद्या अपील झालं आणि ती ओळ निघाली, तर वरचं कोर्ट ओळच वाचेल.

ताई : वाचू दे. तुझी एकोणचाळीस पानंही वाचावी लागतील त्यांना.

धाकटा : तो अजून काय म्हणाला?

ताई : पोरगी आता चार वर्षांची झाली, पाळण्यात मावायची नाही. इतकी वर्षं मिळेल ते काम केलं त्यानं, तिला पाठुंगळी घेऊन. परत भट्टीवर घेणार म्हणून खूश होता. पण पाळणाघरातल्या त्या बाईंनाही तेव्हाच काढलं होतं, त्यांचं काय, असं दोनदा विचारलं.

धाकटा : त्यांची याचिका नव्हती.

ताई : तेच सांगितलं. एका वकीलबाईंचा पत्ता लिहून दिला. घेऊन जातो म्हणाला त्यांना.

धाकटा : त्या समितीत बायका किती होत्या?

ताई : मी एकटी. सव्वीस वर्षांची, नोकरीला सहा महिने झालेले.

धाकटा : 'पालक' राहू द्या, असं म्हणालीस?

ताई : नाही.

धाकटा : सगळे हसले म्हणालीस.

ताई : मीही हसले. आणि खोडायला पेन माझंच पुढे केलं.