शेवटची चादर

बसच्या रांगेत माझ्या मागे दोघी होत्या. दवाखान्याच्या चादरी धुणारी बाई आणि नाटक शिकणारी तिची लेक.

“सर म्हणाले, घरातलं एक माणूस घ्या आणि त्याच्यावरून स्वतःच नाटक रचा.”

“मग कोणाला घेतलंस?”

“तुला.”

“माझ्यात मेलं कसलं आलंय नाटक!”

“चादरींच्या घड्या घालते मी. दहा मिनिटं, न बोलता.”

“दुसरं टोक कोण धरतं?”

“कोणीच नाही. एकटीच.”

“एकटीनं मोठ्या चादरीची घडी बसत नाही गं. कंबर जाते.”

“ते जमलं. शेवट तेवढा जमत नाहीये, आई. चारदा बदलला.”

“आत्ता काय करतेस?”

“चादरी संपल्या की विंगेत जाऊन बसते.”

“संपतात?”