चिमणीचा पत्ता

हॅलो?… हो ताई, बोल… दुकानातच आहे. एका बॅगेची चेन बदलतेय, फोन खांद्यावर धरलाय… ऐकतेय गं, बोल तू.

हो… हो… आला ना भाऊजींच्या कंपनीचा कागद, डोमेन आमच्या नावावर करा म्हणून. दोनदा वाचला… आज शुक्रवार, पाचपर्यंत मुदत, माहीत आहे… नाही, सही नाही केली.

अगं ऐक ना… ऐक तरी. ते डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, मी दुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हाच घेतलं, नऊ वर्षं झाली. चिमणी, एवढंच नाव. तेव्हा ही कंपनी बॅगा काढतही नव्हती… हो, आता मोठी झाली, मान्य. म्हणून माझं नाव त्यांना देऊन टाकायचं का?

काय म्हणतात भाऊजी?… एकट्यादुकट्या माणसाच्या हाती डोमेन असूच नये? कंपन्यांनाच द्यावं?… बरं. मग दारावरच्या पाट्याही कंपन्यांनाच देऊन टाकू. आपण आपलं 'कोणीतरी राहतं' असं लिहायचं.

चिडले नाही गं. दमलेय… कशाने म्हणजे? ईमेलवरच्या पत्रांनी. कंपनीचा पत्ता 'चिमणीबॅग', लोक त्यातलं 'बॅग' लिहायला विसरतात, नुसतं 'चिमणी' लिहितात, आणि गाऱ्हाणी येतात माझ्याकडे. चाक निघालं, मूठ तुटली, कुलूप उघडेना. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ती कंपनीकडे पाठवत बसते. चार वर्षं. 'पोचलं' एवढं एक अक्षर आलं नाही कोणाचं.

मोबदला?… देतायत ना. दोन बॅगा… त्यांच्याच… हस, हस. चाकं शेवटी मलाच बसवायची आहेत.

आणि कंपनीला हे नाव सुचलं कुठून, ते विचार की भाऊजींना. घरात मला चिमणी म्हणतात, हे त्यांच्या साहेबांना काय स्वप्नात दिसलं?

ताई, त्यांनीच फोन करायला लावलाय ना?… नाही? सहज केलास?… बरं, सहज.

मग मीही सहज सांगते. मंगळवारी भाऊजींचं पत्र आलं माझ्याकडे… अगं, लिहिलं होतं साहेबांना. पण घाईत तेही 'बॅग' विसरले… हो ना, चार वर्षं तिथे नोकरी करून.

वाचू?… "मेहुणी माझ्या शब्दाबाहेर नाही. शुक्रवारी सही आणून देतो. माझ्या बढतीचं तेवढं लक्षात असू द्यावं."

काय म्हणालीस?… बढतीचं तुला ठाऊक नव्हतं? मग तुला काय सांगितलं त्यांनी?… नोकरी जाईल म्हणाले?… आणि तू तीन रात्री जागीच?

नाही जात नोकरी. आधी डोळे पूस… पूस गं.

नाही, सही नाही करणार. पण ते पत्र मी अजून पुढे साहेबांकडे पाठवलेलं नाही. गेलं, तर भाऊजींनी दिलेला शब्द पाळला नाही हे साहेबांना कळेल. चार वर्षांत तेवढं एकच अडवलंय. पाठवायचं की पुसून टाकायचं, हे भाऊजींनी स्वतः फोन करून सांगावं. तुला मध्ये घालायचं नाही… आजच. पाचच्या आत. मुदत ती मुदत.

थांब, गिऱ्हाईक आलंय… या, ठेवा इथे. चाक ना?… हो, चिमणी मीच… तुला नाही गं ताई. ठेवते.