आईची तब्येत

— नाही गं लीना, अडवलं नाही असं मी म्हणतोय कुठं? अडवलं. मीच अडवलं. दर गुरुवारी ऑफिसातून मला तुरुंगात बोलावतात, मराठी वाचणारा दुसरा माणूस या कलकत्त्यात सरकारला सापडला नाही — सापडले असतील, विश्वासाचा नाही सापडला — आणि आणीबाणी लागली तशी तुझी न् गुरुदत्तची सगळी पत्रं माझ्या हाताखालून जातात. साहेबांनी शब्दांची यादी दिलीय. बैठक, पत्रक, पोलीस, छापखाना — दिसला शब्द की फास काळी शाई. आणि तुम्ही बहीणभाऊ काय हुशार! यादीतला एक शब्द लिहाल तर शपथ. बैठकीला म्हणायचं लग्न, पत्रकांना पापड. 'बागबाजारच्या लग्नात पाचशे पापड वाटले.' अगं, कुठल्या मराठी लग्नात पाचशे पापड वाटतात? साहेब बंगाली, तो फसेल. मी कसा फसेन? — आणि आई! आईचं पोट बिघडलं म्हणजे घराची झडती झाली. आईला ताप आला म्हणजे कुणालातरी पकडलं. त्या बिचारीला तुम्ही नऊ वेळा आजारी पाडलंत, मोजलंय मी. मग दहाव्यांदा तू लिहितेस, 'आई गेली'. मी काय समजायचं? छापखाना गेला, असं समजलो. देवाशपथ. 'रोखले' असा शिक्का मारला न् टाकलं कपाटात. चूक कुणाची? जन्मदात्या आईचा खेळ मी केला नाही, तुम्ही केलात.

काय? भेटी बंद आहेत, पत्राशिवाय त्याला कळणार नाही — ठाऊक आहे मला. परवा तेरावा, तेही ठाऊक आहे. सुचित्रा, हिला पाणी दे गं! मी काय दगड आहे का? तुझ्या आईच्या, कमलताईंच्या हातचं किती खाल्लंय मी. आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीत माझ्या पानात आठवणीनं दोन मोदक जास्त वाढायच्या. नीमतल्याच्या स्मशानात नेताना पुढचा खांदा कुणाचा होता? माझा! लाकडं ही अशी ओली, दोन तास नुसता धूर, माझे डोळे तर —

अशी काय बघतेस?

हो. रविवारी खांदा दिला, गुरुवारी तुझं पत्र हातात आलं. होतं ठाऊक. मग? ऐकायचंच आहे ना, ऐक. 'बोका दूध पिऊन झोपतो, त्याला काही कळत नाही.' प्रत्येक पत्रात बोका! तुमच्या घरी मांजर कधी होतं? आणि मी ते साहेबांना मोठ्यानं वाचून दाखवायचो, हिंदी करून, हसत हसत — फार प्रेमळ घर आहे साहेब, तुरुंगातूनसुद्धा बोक्याची चौकशी करतो पोरगा. महिनाभर! शेवटी दारावरच्या शिपायानं विचारलं, बाबू, ये बिल्ला कौन है? शिपायानं! त्याला कळलं, खोलीतल्या सगळ्यांना कळलं, मला नाही. साहेब चहाचा कप खाली ठेवून हसला. बावीस वर्षं नोकरी झाली माझी, लीना. मंडळात मला सगळे दिगंबरकाका म्हणतात, तूही म्हणतेस — आणि तिकडे बोका?

म्हणून ते पत्र ठेवलं मी. कळू दे त्यालाही, काही न कळणं म्हणजे काय असतं. त्याचं पत्र मात्र त्याच दिवशी सोडलं बघ — 'आईला चष्म्याचा नंबर काढायला ने, पोथी वाचताना डोळे चोळते.' सोमवारी मिळालं ना तुला? यादीतला एकही शब्द नव्हता त्यात, मी का अडवू?

पाया काय पडतेस, ऊठ. साहेबांकडे जाऊन काय सांगशील? आई म्हणजे आईच, हे त्याला पटवायचं तर आधी आई म्हणजे काय काय होतं, ते सांगावं लागेल. मग पापड कुणी वाटले, तेही येईल. सांगशील?

उद्या गुरुवार. मी जाणारच आहे. हा घे कागद, पेन घे. लिही — 'चि. गुरुदत्त, आई बरी आहे.' एवढं लिही, उद्याच्या उद्या त्याच्या हातात देतो. लिही ना. रोज तर लिहायचीस.

नाही लिहायचं? बरं. मग नीघ आता, आमची जेवायची वेळ झाली.