उतारावरची वीज

फ्रान्समधल्या ब्रेस्ट शहराच्या वाटेवर, टेकडीवरच्या एका शाळेत लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांना इथवर पोचल्याचा शिक्का मिळतो. संध्याकाळच्या रांगेत माझ्यापुढं दोन म्हातारे होते.

"एफ्लाम, तू तर माझ्या पुढं होतास. मागून कसा उगवलास?"

"टेकडी तीनदा चढलो, गुलवेन."

"हौस?"

"चढावर चाक हळू फिरतं, डायनामो वीज देत नाही, फोन बंद पडतो. माथ्यावर फाटा आला आणि नकाशा गायब."

"मग?"

"मग अंदाजानं एका रस्त्यानं उतरलो. उतारावर फोन जागा झाला आणि म्हणाला, मागे वळा."

"अरे बाबा, माझ्यासारखी बॅटरी ठेवावी!"

"ती भरायला तू कॅफेत बसतोस. प्लग मागायचा म्हणजे एक क्रेप मागवायचा. पोट बघ जरा."

"सात खाल्ले. पण फोन चालू आहे."

"आणि दिवा?"

"दिव्याचं काय?"

"पेटतो का?"

"त्याची बॅटरी संपली. इथं भरणार होतो, तर शाळेतली वीज गेलीय."

टेबलामागची बाई म्हणाली, "अंधार पडतोय. दिवा पेटल्याशिवाय कुणालाही पुढं सोडणार नाही. आणि तासाभरात टेबल बंद."

"ऐकलंस, एफ्लाम? ब्रेस्ट राहिलं माझं."

"रडू नकोस. दे ती बॅटरी, माझ्या डायनामोला जोडतो."

"भरेल?"

"चाक जोरात फिरलं तर थोडी भरेल. उतार पाहिजे."

"मग जा की टेकडीखाली."

"आणि परत वर कसा येऊ?"

"आता तरी रस्ता पाठ झाला असेल ना!"